पाणबुडी? किती एचपीची?

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार म्हणजे ऑफिसातला 'फोटो डे'. कॉफी मशिनपाशी गर्दी, हातात मोबाइल. एकीचं बाली, एकाचं गोवा, आणि एचआरवाल्याचं 'आम्ही ना, काहीच केलं नाही, फक्त झोपलो'. फिरत फिरत प्रश्न माझ्याकडे आला.

"तू कुठे होतास?"

"राळेगावला. यवतमाळ जिल्हा."

"ओह, नेटिव्ह! आठ दिवस काय केलंस तिथे?"

"पाणबुडी गंजवली."

शांतता. मग कुणीतरी समंजसपणे विषय बदलला.

पुण्यात निदान शांतता तरी झाली. राळेगावात झाली होती ती वेगळीच गंमत. गणपतीच्या सुट्टीत मी तिथल्या पाइपच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "पाणबुडी करायची आहे, अडीच इंची पाइप दाखवा." दुकानदाराने मानही वर न करता विचारलं, "किती एचपीची?"

मंडळी, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्याकडे पाणबुडी म्हणजे बोअरमध्ये सोडायची मोटार. सबमर्सिबल. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की दुसऱ्या कुठल्या पाणबुडीशी आमचा संबंध येणार कसा? सरळ रेषेत मोजलं तर पश्चिमेला मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि पूर्वेला विशाखापट्टणमही साधारण तेवढंच. मधोमध आम्ही, आमची पऱ्हाटी आणि आमच्या बोअरवेल.

आणि माझ्या वडिलांनी उभी हयात त्या पाणबुड्या दुरुस्त करण्यात घालवलेली. मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार यायची, बाबा जुनी तार काढून नवी भरायचे, सील बदलायचे, बाहेरून घासूनपुसून रंगाचा हात मारायचे. गिऱ्हाईक नवी मोटार नेल्यासारखं खुशीत घरी जायचं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बारीक तार दिसेनाशी झाली आणि शटर खाली आलं.

तर ही गोष्ट या दोन पाणबुड्यांची आहे.

खरी पाणबुडी आम्ही दोघांनी एकदाच पाहिली. काही वर्षांपूर्वी नागपूरहून समता एक्स्प्रेस पकडून आम्ही सगळे विशाखापट्टणमला गेलो होतो. तिथे समुद्रकिनाऱ्यावर चक्क वाळूत एक पाणबुडी उभी आहे. आयएनएस कुरसुरा. रशियन बनावटीची, फॉक्सट्रॉट वर्गातली. १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि २००१ मध्ये निवृत्त झाली. २००२ पासून तिचं म्युझियम झालंय. लांबी ९१ मीटरच्या वर. पुढे सहा आणि मागे चार टॉर्पेडो नळ्या. आत शिरलात की दोन बाजूंना पाइप, व्हॉल्व्ह आणि डायल यांचं जंगल, आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. पंचाहत्तरच्या आसपास माणसं त्यात राहायची. आपला वन बीएचके आठवा आणि गप्प बसा!

सगळे टॉर्पेडोपाशी फोटो काढत होते. बाबा मात्र मोटारीच्या खोलीत अडकले. गाइडने सांगितलं, की वर असताना डिझेल इंजिन चालतं आणि बॅटऱ्या चार्ज होतात; खोल पाण्यात गेल्यावर इंजिन बंद, सगळी भिस्त बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटारींवर. कारण साधं आहे, इंजिनाला हवा लागते, मोटारीला लागत नाही.

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे खाली गेल्यावर मोटारच ना बे! मग आपलीच हाय थे."

बाहेर आल्यावर त्यांनी बुडाच्या पत्र्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रंगाचे लय कोट हायेत याच्यावर." बस. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

स्केल मॉडेलचा किडा मला ऑफिसमुळे लागला. दिवसभर स्क्रीनवर काम. संध्याकाळी हातात धरून दाखवावं असं काहीही नाही. आधी विमानं केली, मग रणगाडे. पाणबुडीसाठी शोधलं तर जगभर गाजलेला किट रेव्हेल कंपनीचा, जर्मन यू-बोटीचा. १/७२ प्रमाणात, जोडल्यावर सुमारे ९३ सेंटीमीटर. सुंदर आहे. पण जर्मनांची बोट मी कशाला करू? आपल्याकडे काय कमी आहेत? पहिली आयएनएस कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली, म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिन. आयएनएस शाल्की मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि १९९२ मध्ये नौदलात आली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. त्याच माझगावातून २०१९ मध्ये नवी आयएनएस खांदेरी आली. अलिबागजवळच्या शिवरायांच्या किल्ल्याचं नाव पाण्याखाली फिरतंय, बॉस! पण अंगठा फिरवलेली पाणबुडी एकच. कुरसुरा ठरली.

मग कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. फॉक्सट्रॉटची रुंदी साधारण साडेसात मीटर. १/१०० प्रमाण धरलं तर ७५ मिलिमीटर. आणि आपल्या शेतातला अडीच इंची पीव्हीसी पाइप बाहेरून बरोब्बर ७५ मिलिमीटर असतो! मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. अप्रेझलच्या पत्रानेही मला इतका आनंद दिला नव्हता.

बांधणीचं थोडक्यात सांगतो, कारण खरी कथा पुढे आहे. मधला साठ सेंटीमीटरचा भाग पाइपचा. नाक आणि शेपूट सावरीच्या लाकडाचं. मऊ असतं, सुतारकाम न येणाऱ्यालाही दया दाखवतं. सांधे एम-सीलने भरले आणि त्यावर लांबी. फॉक्सट्रॉट वरून गोल नसते, तिच्या पाठीवर चालायला सपाट डेक असतो. तो करायला पाइपचा तुकडा उभा चिरून, अंगणात मोकळ्या हवेत गरम करून, दोन फरशांमध्ये दाबून सपाट केला. मनोरा त्याच पट्टीतून. पेरिस्कोप म्हणजे संपलेल्या पेनांच्या रिफिली. मागचे तीन पंखे तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे. आणि डेकवरचे कठडे? बाबांच्या दुकानातली वाइंडिंगची तांब्याची तार.

सगळ्यात वैतागवाणं काम म्हणजे भोकं. डेकखालच्या पत्र्याला ओळीने फटी असतात. बोट बुडताना त्यातून पाणी आत शिरतं आणि वर येताना वाहून जातं. आतली माणसं असलेली मजबूत नळी वेगळी, बाहेरचं हे आवरण वेगळं. मधल्या जागेत पाण्याला मुक्त प्रवेश. त्या फटी एकेक करून कोरायच्या. दोनशेनंतर मी मोजणं सोडून दिलं. पण या फटी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

गणपतीत सांगाडा झाला. दिवाळीत रंग.

इथे एक खरं सांगून टाकतो. दिवाळीला मी फक्त रंगकामासाठी गेलो नव्हतो. बाबांच्या दुकानाचा गाळा भाड्याने मागायला गावातला एक मुलगा दोनदा घरी येऊन गेला होता. मोबाइल रिपेअरिंग टाकायचं म्हणत होता. आई फोनवर म्हणाली, "तूच बोल बाबांशी, माझं ऐकत नाहीत." मी मनात अगदी प्रेझेंटेशन तयार केलं होतं. भाडं, मेंटेनन्स, फायदे-तोटे, तीन स्लाइड. पहिल्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर उघडून आत पाणबुडी रंगवत बसलो आणि बाबा खुर्ची टाकून बघत बसले.

पीव्हीसीवर रंग धरत नाही. आधी काचपेपरने घासून खरखरीत करायचा, थिनरने पुसायचा, मग प्रायमर. मी तांबडा रेडऑक्साइड मारला, त्याचं कारण नंतर कळेल. रात्रभर सुकवला. त्यावर काळा. पण डबीतला काळाकुट्ट नाही हं! दूरवरची काळी वस्तू आपल्याला थोडी करडी दिसते. एक मीटरवरून पाहिलेलं मॉडेल म्हणजे शंभर मीटरवरून पाहिलेली बोट, म्हणून काळ्यात थोडा राखाडी मिसळायचा. नाहीतर बोट बूटपॉलिशची डबी दिसते.

काळा रंग बसला. कॉम्प्रेसर बंद केला. बाबा उठून जवळ आले, चष्मा वर करून नाकापासून शेपटीपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "झकास! शोरूम पीस!"

बाबांच्या तोंडून 'झकास' मी दहावीनंतर पहिल्यांदा ऐकत होतो. तिथेच थांबायला हवं होतं. पण आता तर वेदरिंग सुरू होणार होतं! म्हणजे काय, तर नव्याकोऱ्या मॉडेलवर खाऱ्या हवेत, उन्हापावसात काढलेली वर्षं रंगाने चढवायची. गंजाचे ओघळ, मिठाचे पांढरट डाग, पाणरेषेवरचं शेवाळ, एग्झॉस्टपाशी काजळी. मी ऑइल कलरचा तपकिरी ट्यूब उघडला आणि पहिला ठिपका ठेवला.

"हे काय करून राह्यला?"

"गंज, बाबा."

"नव्या मालाले?"

"खऱ्या बोटीला येतोच ना."

"येते. मग पोट्टे थो घासतात, रंग मारतात. मी चाळीस वर्सं गंज काढला बे. आन् तू पैसे देऊन लावून राह्यला?"

आणि ते उठून घरी गेले.

वाईट वाटलं, पण हट्टही चढला. त्या दिवशी मी दणकून गंज लावला. प्रत्येक फटीखाली ओघळ, प्रत्येक सांध्यावर डाग, मनोऱ्यावर तर धबधबाच. वर घाईत टर्पेंटाइन जास्त झालं आणि खालचा पुरता न सुकलेला काळा रंगच निघून आला. संध्याकाळी पाहिलं तर कुरसुराला गोवर आला होता.

गणित केलं असतं तरी कळलं असतं. १/१०० प्रमाणात एक मिलिमीटरचा ओघळ म्हणजे खऱ्या बोटीवर दहा सेंटीमीटर. माझे काही ओघळ पाच-सहा मिलिमीटरचे होते. म्हणजे अर्धा मीटर रुंद गंज! अशी बोट कुठलं नौदल बंदराबाहेर पाठवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुसून, पुन्हा काळा मारायच्या तयारीत बसलो, तेव्हा बाबा आले. आपणहून. खुर्ची जवळ ओढली.

"गंज सगळीकडं नसते येत," ते म्हणाले. "कुठून येते थे माहीत हाय का तुले?"

आणि मग त्या माणसाने मला जे शिकवलं, ते मला आजवर कुठल्या मॉडेलवाल्याने सांगितलं नव्हतं. गंज सपाट पत्र्याच्या मधोमध उगाच उगवत नाही. तो सुरू होतो काठाला, सांध्याला, नटाखाली, म्हणजे जिथे रंगाचा थर पातळ बसतो आणि पाणी साचून राहतं तिथे. तिथून तो पाण्याबरोबर खाली उतरतो. म्हणून ओघळ वर गडद आणि बारीक, खाली जाता जाता फिका. एका रांगेत दहा फटी असतील तर दहाही सारख्या गंजत नाहीत. दोन जास्त, तीन थोड्या, बाकीच्या कोऱ्या. खारं पाणी असेल तर वेग वाढतो, कारण मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं हा मुळात विजेचाच खेळ आहे. म्हणून तर बोटींच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं.

"आपली बादली तशीच असते," बाबा म्हणाले. "जस्त हाय तोवर कायबी होत नाही."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. एक युक्ती मला माहीत होती, ती दाखवून मी थोडी इज्जत परत मिळवली. तांबड्या रेडऑक्साइडवर, जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे पाण्याचा हात फिरवायचा आणि वर जाडं मीठ भुरभुरायचं. पाणी सुकलं की मीठ चिकटून बसतं. वरून काळा स्प्रे. तो सुकला की ब्रशने मीठ झाडून टाकायचं. मिठाखालचा तांबडा उघडा पडतो, कडा अगदी खऱ्या पोपड्यांसारख्या. राळेगावात समुद्र नाही, पण समुद्राचं मीठ प्रत्येक स्वयंपाकघरात आहे! (आईने दुपारी विचारलं, "बरणीतलं मीठ कुठं गेलं?" बाबांनी शांतपणे सांगितलं, "पाणबुडीत.")

ओघळांसाठी बाबांनी सुचवला गेरू. तुळशीवृंदावन रंगवायचा तोच. म्हटलं तर गमतीची गोष्ट आहे: गेरूचा लाल रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा आणि गंज हेही लोखंडाचंच ऑक्साइड. म्हणजे आम्ही गंजाचा रंग लावत नव्हतो, त्याच्या सख्ख्या भावाला बोलावत होतो. गेरूची वस्त्रगाळ पूड, थेंबभर टर्पेंटाइन, ट्रिपल झिरोचा ब्रश. फटीच्या खालच्या काठाला टेकवायचा आणि एकदाच खाली ओढायचा. दुसरा हात फिरवायचा नाही. पाणरेषेवर पातळ हिरवट-राखाडी पट्टा. मागे एग्झॉस्टपाशी कंदिलाच्या काचेवरची काजळी, बोटाने. शेवटी सगळ्यावर मॅट व्हार्निश, म्हणजे पूड हाताला येत नाही.

कठड्यांची वेळ आली. तांब्याच्या तारेवर काळा चढवला होता. मी त्यावरही गेरूचा ब्रश नेला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"इथं नाही."

"का? लोखंडच आहे ना?"

त्यांनी बोट दाखवलं. समोर टेबलावर त्यांचा जुना व्हाइस होता. दोन वर्षांत त्याच्या जबड्यावर, बुडावर तांबूस थर आला होता. पण फिरवायचा दांडा अजूनही चकचकीत होता, आरशासारखा.

"जिथं रोज हात लागते ना, तिथं गंज नाही येत," बाबा म्हणाले. "जिथं हात पोचत नाही, तिथंच येते."

ते हे कठड्याबद्दल बोलत होते. शपथ घेऊन सांगतो, कठड्याबद्दलच. बाबांना टोमणा मारता येत नाही. पण वर्षातून दोनदा घरी येणारा मी ब्रश हातात धरून तसाच बसून राहिलो.

मग पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटावर घेऊन मी कठड्यांवर आणि शिडीच्या पायऱ्यांवर घासली. काळ्यातून धातूची झिलई वर आली. सतरा मिलिमीटरची माणसं तिथून रोज वर-खाली करत असावीत असं वाटायला लागलं. बोट जुनी दिसत होती, पण टाकून दिलेली नाही. कुणीतरी वापरत असलेली. विशाखापट्टणमच्या वाळूतली कुरसुरा नव्हे, १९७१ मध्ये अरबी समुद्रात फिरणारी कुरसुरा.

बाबांनी ती उचलून उजेडात धरली. 'झकास' म्हणाले नाहीत. "आता चालते हे," एवढंच म्हणाले.

निघायच्या आदल्या सकाळी मी स्लाइड नंबर एक उघडायच्या बेतात होतो. चहा पिता पिता बाबाच बोलले.

"त्या पोट्ट्याले हो म्हण."

"कुठल्या?"

"मोबाइलवाल्या. शटर रोज उघडलं तं गंजत नाही. आपल्याच्यानं आता होत नाही रोज." मग थोडं थांबून, "व्हाइस मात्र घरी आणून ठेव."

व्हाइस पंचवीस-तीस किलोचा असेल. शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन आम्ही तो अंगणात आणला. बाबांनी कापडाला तेल लावून त्याचा दांडा पुसला, जो आधीच चकचकीत होता.

पाणबुडी आता माझ्या डेस्कवर आहे, मॉनिटरच्या मागे. लोक थांबतात, वाकून बघतात आणि हमखास एकच विचारतात, "अरे, हिला गंज कसा लागला?"

मी सांगतो, "लावलाय. बाबांनी आणि मी."

आणि हो, गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदाच, डिसेंबरचं वर्ध्याचं तिकीट काढलंय. तिथून पुढे एसटी. सुट्टीचं कारण विचारलं तर बॉसला काय सांगायचं ते ठरलंय. मेंटेनन्स.